राखेतली वडी

एवढीशी पांढरी वडी – राखेतून एका बाजूनं वर आलेली – आणि अवंतिकाला ती ओळखायला क्षणही लागला नाही. बाराशे अंशांच्या भट्टीतून आपल्याच हातांनी काढलेली वस्तू शेणी-गोवऱ्यांच्या जाळाला काय दाद देणार... भोवतीची नवऱ्याची, अंबादासची हाडं मात्र तडकून खडूसारखी झाली होती.

"वैनी, खडं कशाला येचताय? हाडं घ्या की," सावडायला मदत करणारा स्मशानातला गुंडू म्हणाला. "पानी मारलंय, हात भाजायचा न्हाय."

खडा! प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं ती हेच तर करत होती – हाडात असतो तोच चुना भाजून केलेलं, स्पंजासारखं भोकाभोकांचं हाड. अंगात बसवलं की खरं हाड त्या भोकांत शिरतं, धरून ठेवतं, मग दोन्ही वेगळी म्हणून काढता येत नाहीत. सशांवरच्या प्रयोगांत ते तसं शिरलं होतं. पुढं माणसांवरची चाचणी ठरली, आणि राधानगरीच्या रस्त्यावर मोटारसायकलवरून पडून नडगीचा चुरा करून घेतलेल्या नवऱ्यानं तिची वडी पायात बसवून घ्यायला स्वतःच सही ठोकली. "तुझ्या हातची भाकरी काही जमली नाही, हाड तरी बघू..."

दुखतंय का? – ती रोज विचारायची, त्याच्या तोंडाकडे बघत. आणि तो, जिन्याचा कठडा धरून, हसत – "छे गं! तुझी वडी झकास आहे." एक्स-रेत हाड आणि वडी, पांढऱ्यावर पांढरं, मला हवं ते मला दिसायचं. कठडा का धरतोस, हे मी कधी विचारलं नाही. त्या हसण्यावर मी परिषदांतून भाषणं केली.

वर आलेली बाजू स्वच्छ होती. कानशीनं घासलेली कडसुद्धा तशीच, हाडाचा कण नाही. दुसरी बाजू राखेत... तिथं त्याचं हाड शिरलेलं असेल तर तो खरं बोलत होता. नसेल तर – नसेल तर इतकी वर्षं तो माझ्यासाठी हसत जिना चढला.

"समदं पान्यात सोडा बगा. मागं काय ठिवायचं न्हाय."

तिनं वडी उचलली ती न बघता, मुठीतच. पंचगंगेच्या पायऱ्या उतरताना अंगठ्याला वडीच्या मागच्या बाजूला काहीतरी खरखरीत लागलं – हाड असेल, नुसती राखही असेल. पाणी घोट्याला लागलं. मूठ उघडली नाही.

दुखतंय का, तिनं मनातल्या जिन्यावरच्या त्याला विचारलं – या वेळी तोंडाकडे नाही, कठड्यावरच्या हाताकडे बघत.