सेल नसलेला माईक

मित्रांनो, मी एक जुना, चंदेरी माईक आहे आणि जवळजवळ सगळी उमर मी मुका होतो. हसू नका. माईक असून मुका कसा, तेच सांगायला बसलोय.

कारखान्यातून निघालो तो थेट रॉटरडॅमला, ‘निऑन पोल्डर’ नावाच्या नाचगाण्याच्या ग्रुपकडे. दोन पोरं मागे उड्या मारायची आणि पुढे फेमके, उंच, सोनेरी केसांची, मला ओठांशी धरून. त्यांचं एक गाणं असं काही चाललं की जर्मनीपासून स्पेनपर्यंत पोरं त्यावर घाम गाळत होती. दिवे, धूर, शिट्ट्या! माझा थाट काय विचारता!

पण माझ्या पोटात सेलच नव्हते. मॅनेजरने ते पहिल्या दिवशीच काढून घेतले होते. गाणं टेपवर वाजायचं आणि फेमके नुसते ओठ हलवायची. त्या धंद्यात तेव्हा हे सर्रास चालायचं, चेहरा एकीचा आणि गळा दुसरीचा.

गळा होता जयंतीचा. ती नागपूरहून शिकायला आली होती. मैत्रिणीबरोबर स्टुडिओत गेली, सहज गायली आणि मॅनेजर खूश झाला. कॅसेटवर मात्र तिचं नाव कुठेच छापलं नाही. तिने वडिलांना, नीळकंठरावांना, फोनवर सांगितलं की टीव्हीवर लागतं ते गाणं माझं आहे. ते पोट धरून हसले. म्हणाले, “अगं बाई, तिथं तर गोरी पोरगी गाऊन राहिली!” तिने पुष्कळदा सांगून पाहिलं. ते गेले, तेव्हाही त्यांना ती थट्टाच वाटत होती.

पुढे फॅशन बदलली, ग्रुप फुटला. फेमके युट्रेख्टला राहायला आली आणि मी तिच्या माळ्यावर, जुन्या स्केट्सच्या खोक्यात जाऊन पडलो. कुणी साधी धूळ पुसली नाही. वाईट वाटायचं हो.

मग करोना आला. फेमकेची आई वृद्धाश्रमात होती आणि आश्रमाची दारं बंद झाली. फेमके रोज सायकलवरून जायची, खिडकीबाहेर उभी राहून फोनवर बोलायची. म्हातारीचं खाणं सुटत चाललं होतं. एके दिवशी काचेपलीकडून तिने एकच हट्ट धरला, तुझं ते गाणं मला इथे बागेत ऐकायचंय. टेप नको, समोर गा.

फेमकेची पाचावर धारण बसली. खरं सांगावं तर आई ह्या अवस्थेत खचेल, न गावं तर तिची कदाचित शेवटचीच इच्छा राहून जाईल. तिने जयंतीचा पत्ता शोधला. जयंती त्याच शहरात होती, जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून आयटीचं काम करत होती. फेमके मला घेऊन तिच्या दाराशी गेली, दूर उभी राहिली आणि चाचरत म्हणाली, तू झुडपामागून गा, मी ओठ हलवते.

“पुन्हा?” जयंतीने विचारलं.

फेमके तिथेच रडायला लागली. जयंती म्हणाली, “गाईन. पण झुडपामागून नाही.” तिने मला सॅनिटायझरने चांगलं घासलं आणि टीव्हीच्या रिमोटमधले सेल काढून माझ्या पोटात घातले.

दुसऱ्या दिवशी नर्सने खिडकी उघडली. जयंती मला घेऊन पुढे उभी राहिली आणि फेमके मान खाली घालून मागे, जुन्या स्पीकरपाशी. जयंती गायली. आवाज आता जरा खालचा होता, जलद ओळींना दमही लागला. पण मित्रांनो, तो आवाज माझ्यातून गेला! अंगावर काटा येतो म्हणतात, तो मला त्या दिवशी कळला.

म्हातारी डोळे मिटून ऐकत होती. गाणं संपल्यावर म्हणाली, “फेमके, तू लहानपणापासून बेसूर. आईला लेकीचा गळा कळत नाही होय गं?” मग तिने जयंतीकडे पाहिलं. “पोरी, किती वर्षं विचारायचं होतं. तुझं नाव काय?”

आता मी जयंतीकडे असतो. घरातली मुलं डचमध्ये उत्तरं देतात, तिचं मराठी मनापासून ऐकणारा मीच. माझं मागणं एवढंच की जुन्या वस्तूंची धूळ पुसत जा, त्यांचे सेल बदलत जा. आणि गाणं आवडलं तर गाणारीचं नाव विचारा. त्या म्हातारीने विचारलं म्हणून तर गाणं संपल्यावर खाली घेतलेला मला जयंतीने पुन्हा ओठांशी नेलं. नुसतं जयंती म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण तिने सगळ्या बागेला ऐकू जाईल असं सांगितलं, “जयंती नीळकंठ रंगारी.”