मागच्या सीटला दहापैकी नऊ

"लंबू चालवत असेल तर मागं बसू नकोस," असं फोटोवाल्या दादांनी तिला बजावलं होतं. "मागं कुणी आहे हे त्याच्या ध्यानातच राहत नाही. माझी एक लेन्स गेली त्यात. तुझं तर…" पुढचं न बोलता त्यांनी तिच्या पोटावरून नजर काढून घेतली होती.

ती हसली होती. मोटारींच्या मासिकात इतकी वर्षं काढली, भलभलत्या घाटांत भलभलत्या गाड्या पळवल्या, तिला मागच्या सीटची कसली भीती घालता, असं म्हणून तिनं दादांना उडवून लावलं होतं. सातवा महिना लागला होता, पोट स्टेअरिंगला अडत होतं, म्हणून त्या दिवशी तिचा ऑफिसातला जोडीदार परीक्षक लंबू चालवणार होता आणि ती मागं बसून टिपणं घेणार होती. इतकं साधं.

गाडी राखाडी होती, महागडी, खाली बसकी, पळणाऱ्या जातीची. लंबूनं ती स्पोर्ट मोडमध्ये टाकली. त्या मोडमध्ये इंजिनाला धार येते आणि स्प्रिंगा लाकडासारख्या कडक होतात. पाण्याच्या टाकीजवळ रंग उडालेला गतिरोधक होता. तो लंबूला दिसला नाही, की दिसूनही त्यानं पर्वा केली नाही, देव जाणे. गाडी उडाली, खाली आली आणि गाडीच्या मागोमाग ही सीटवर आदळली. लंबू म्हणाला, "बघ, रस्ता कसला पकडून ठेवते!"

दुसऱ्या दिवशी कळा सुरू झाल्या. लेक दिवस भरायच्या आधीच जन्मली आणि काचेच्या पेटीत जाऊन पडली, अंगभर नळ्या आणि वायरी लेऊन. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की अशा गोष्टींना एकच कारण असतं असं नाही. बाईंचं शिक्षण त्यांच्यापाशी. हिला जे कळायचं ते त्या गतिरोधकावरच कळलं होतं.

ऑफिसातून फुलं आली. सोबतच्या कार्डावर लंबूचंही नाव होतं, पण दुसऱ्याच कुणाच्या तरी अक्षरात. त्याचा स्वतःचा फोन नाही, निरोप नाही, बाळ कसं आहे म्हणून एका शब्दाची चौकशी नाही. नंतर अंक आला. पेटीशेजारच्या स्टुलावर बसून तिनं तो उघडला. राखाडी गाडीच्या परीक्षणात लंबूनं लिहिलं होतं: "मागची सीट, दहापैकी नऊ. स्पोर्ट मोडमध्येही झोपाळ्यात बसल्याचा भास." जो माणूस चालत्या गाडीत मागं बसलाच नाही त्यानं. उचलली जीभ लावली टाळ्याला. तिनं अंक मिटला, आणि तिथंच, त्या स्टुलावर, डूख धरला.

लेक जगली. वाढली. सोफ्याला धरून चालायला लागली. ही मात्र अजून झोपलेल्या पोरीच्या नाकाशी बोट धरून श्वास बघायची. घरातल्या प्रत्येक टेबलाच्या कोपऱ्याला तिनं स्पंज चिकटवला होता. कामावर परत रुजू झाली तेव्हा पोरीला आईकडे सोपवलं आणि दिवसभर फोनवर फोन. शेवटी आई वैतागली, "अगं, तुलाही मीच वाढवलंय. मेलीस का?"

अशातच गाड्यांच्या चाचणी विभागाचे प्रमुख निवृत्त झाले. संपादकांनी जाहीर केलं की पुढच्या अंकात मोठी तुलना येणार: दोन हाडवैरी कंपन्यांच्या स्पोर्ट्स सेडान, पण रोजच्या वापराच्या कसोटीवर. एक निळी. दुसरी राखाडी, त्या दिवशीच्याच गाडीचं नवं रूप. ही तुलना जो लिहील त्याच्याकडे विभाग जाणार, हे न सांगताही सगळ्यांना कळलं.

लंबूनं तर ती आपलीच धरली. कँटीनमध्ये त्यानं तिला समजावलं की चालवण्याचं तो बघेल, तिनं दुधाची बाटली कुठं राहते, डिकीत बाबागाडी मावते का, असलं काही बघून आयांसाठी एक छोटी चौकट लिहावी. ती म्हणाली, चालेल की. पोटातलं ओठांवर येऊ द्यायचं नाही, ही विद्या तिनं त्या काचेच्या पेटीपाशी पक्की केली होती.

आणि तिनं खरोखरच सगळं बघितलं. निळीची डिकी पोटानं मोठी पण तोंडानं चिंचोळी, बाबागाडी आत घालताना बोटं सोलली. राखाडीत ती एक चाक काढल्यावर गेली. निळीत एसी कमी करायचा तर पडद्यावर बोटांनी खणत बसावं लागे, तोवर मागं पोर निळं पडेल. राखाडीत त्यासाठी साधी गोल कळ होती, पण तळघरातल्या पार्किंगच्या चढावर गाडीचं पोट दर सकाळी खरवडायचं. दोन्हींचं छप्पर मागं इतकं उतरतं की पोरीला तिच्या सीटमध्ये बसवताना आईनं आपलं डोकं घरीच ठेवून यावं.

मग गुण द्यायची बैठक झाली. मागच्या सीटचे गुण द्यायची ऑफिसची एक जुनी रीत होती. परीक्षक पुढची सीट स्वतःच्या मापाला लावायचा, मग तिच्याच मागं जाऊन बसायचा, गुडघ्यांपुढं किती जागा उरते ते बघायचा आणि गुण टाकायचा. गाडी तळघरात उभी, हातात कॉफी. उंच माणसाला बसता आलं तर कुणालाही बसता येईल, म्हणून हे काम नेहमी सर्वांत उंच माणसाचं. म्हणजे लंबूचं.

ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "सर, रोजच्या वापरात मागची माणसं तळघरात बसत नाहीत. या वेळी मागचे गुण चालत्या गाडीत देऊ या. बसायचा मान लंबूचाच."

संपादकांना कल्पना आवडली. लंबू चुळबुळला, मग चालवणार कोण, म्हणाला.

"मी," ती म्हणाली. "तू एकाच वेळी दोन्हीकडं कसा बसशील?"

सगळे हसले. आपल्या उंचीचा तोरा मिरवणाऱ्या लंबूला नाही म्हणता येईना. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

रस्ता तिनं निवडला. दादांनी नुसतं पाण्याच्या टाकीचं नाव ऐकलं आणि म्हणाले, मी बाहेर उभा राहूनच फोटो काढतो बाई. आधी निळी झाली. ती गतिरोधकावरून धप्पकन गेली, लंबूचे गुडघे पुढच्या सीटला लागले, तो कुरकुरला, पण माणूस जागेवर राहिला. मग राखाडी. तिनं त्याला पट्टा लावायला सांगितला, रस्ता मोकळा आहे याची खात्री केली आणि स्पोर्टचं बटण दाबलं.

"कम्फर्टमध्ये टाक ना," लंबू मागून म्हणाला.

"तू स्पोर्टमध्येच चालवली होतीस. इथंच. मी मागं होते."

"कधी?"

त्यानं नुसतं "हो" म्हटलं असतं, नुसता गप्प राहिला असता, तरी तिचा पाय ब्रेककडे गेला असता. तसा पाय निघालाही होता. पण त्यानं कधी म्हणून विचारलं, आणि ते खरंच विचारलं. त्याला आठवतच नव्हतं. पाय होता तिथं परत आला.

गाडी उडाली. आधी त्याचं डोकं छताला लागलं, मग सगळा लंबू खाली आला आणि त्याच्या तोंडून असा आवाज निघाला जो माणसाचा वाटला नाही. तिनं गाडी सावकाश कडेला घेतली आणि मान वळवून त्याच्याकडे नीट बघितलं. रक्त नव्हतं, हातपाय हलत होते, डोळ्यांत पाणी होतं.

"दहापैकी किती?" तिनं विचारलं. तो कण्हला. तिनं पुन्हा विचारलं. "तोंडानं सांग. मला लिहायचंय."

"दोन," लंबू म्हणाला.

पाठीचे स्नायू आखडले होते, मणका शाबूत होता. डॉक्टरांनी त्याला सक्तीनं पडून राहायला सांगितलं. संपादकांनी तिला केबिनमध्ये बोलावून दार लावून घेतलं. तिनं सगळं कबूल केलं, फक्त चुकले असं म्हटलं नाही. तोच मोड, तोच वेग, तोच गतिरोधक. त्यानं छापलेला झोपाळा मी तपासला, एवढंच. संपादकांपुढं अंक छापायला धाडायची तारीख होती. लंबूला तर उठून बसताही येत नव्हतं. शेवटी म्हणाले, लिही तूच.

तिनं लिहिलं. निळी थोडक्यात जिंकली. मजकूर पूर्ण होत आला होता तेव्हा ऑफिसच्या ग्रुपवर लंबूचा मेसेज पडला की मी इथं मरायला टेकलोय आणि एकाही माणसाला साधं विचारावंसं वाटत नाही. लेकीला भरवता भरवता तिनं तो वाचला. चमचा खाली ठेवला. पोरीचं तोंड पुसलं. मग लेखाच्या शेवटी आणखी एक परिच्छेद घातला. किती मोठं मन आहे तुझं, असं म्हणत संपादकांनी त्यातला एक शब्दही कापला नाही.

"राखाडी गाडीच्या मागच्या सीटला गुण देणारे आमचे उंच सहकारी सध्या घरी पाठीवर पडून आहेत आणि आपली चौकशी कुणी करत नाही याचं त्यांना फार वाईट वाटतं. वाचकहो, तुमच्यापैकी जे कुणी त्यांना ओळखत असतील त्यांनी जरूर डोकावून यावं. बेल वाजवल्यावर जरा थांबा, त्यांना उठायला वेळ लागतो. कसे आहात म्हणून विचारा. आणि मागं बसून कसं वाटलं, तेही विचारल्याशिवाय परत येऊ नका."