गाद्यांची होळी थांबली तेव्हा

तापाची साथ आली की गल्लोगल्ली गाद्या पेटायच्या. रोग्याच्या अंथरुणातून आणि कुबट हवेतून ताप पसरतो, असं इस्पितळाच्या मोठ्या डॉक्टरांचं ठाम मत होतं. अंथरूण-पांघरूण जाईल या भीतीने लोक आजारी माणसाला माळ्यावर लपवू लागले, आणि तिथेच ती माणसं दगावू लागली. धाकट्या डॉक्टरीणबाईंना हे बघवेना. ताप डास पसरवतात, असं त्या कधीपासून सांगत होत्या. मोठे डॉक्टर ते हसण्यावारी नेत. शेवटी वैतागून म्हणाले, सिद्ध करून दाखवा.

बाईंनी आवारातल्या दोन खोल्यांना बारीक जाळी ठोकून घेतली. पहिलीत रोग्यांच्या ओकारीने माखलेल्या चादरी, घामट उशा. तिथे झोपणार कोण? बाईंचा दीर पुढे आला. तो गादीवाला, कापूस पिंजतानाही डुलकी काढायचा, म्हणून सगळे त्याला पेंगूळशेठ म्हणत. माझं चुकलं तर जिवावर बेतेल, असं बाईंनी त्याला परोपरीने सांगून पाहिलं.

"वहिनी, तुमचं चुकणार नाही," तो म्हणाला. "आणि चुकलंच, तर निदान झोप तरी पुरी होईल."

दुकानातले दोघे कारागीरही त्याच्याबरोबर आत गेले.

दुसऱ्या खोलीत उकळून वाळवलेल्या चादरी. तिथे बाई स्वतः राहिल्या. रोग्यांना चावलेले डास बरणीत जपून ठेवले होते. बरणीचं तोंड त्यांनी दंडावर उपडं धरलं. डास चावले तरी हात हलू दिला नाही.

पेंगूळशेठ सुरुवातीला नाकाला फडकं बांधून झोपला. मग खुशाल घोरू लागला. इकडे बाईंना हुडहुडी भरली. डोळे लालबुंद, अंगाची लाही, कंबर मोडून गेलेली. शुद्ध आली की एकच विचारायच्या, भाऊजींना ताप आहे का? नाही म्हटलं की तशाही स्थितीत हसायच्या.

त्यांचा ताप उतरला त्या सकाळी पहिली खोली उघडली. तिघेही ठणठणीत, पेंगूळशेठचे तर गाल वर आलेले. मोठ्या डॉक्टरांनी त्याची नाडी पाहिली, जीभ पाहिली, पुन्हा नाडी पाहिली. मग ते बाईंच्या खाटेशी स्टूल ओढून बसले.

"बाई, मी जन्मभर भलत्याच्याच मागे लागलो होतो. आजपासून एकही गादी जळणार नाही. पुढे काय करायचं, ते तुम्ही सांगा."

"पाण्याची पिंपं झाका," बाई क्षीण आवाजात म्हणाल्या. "आणि रोग्यांना मच्छरदाणी द्या."

गावभर पिंपांवर झाकणं बसली, डबकी बुजली. लोक आपली माणसं माळ्यावरून उतरवून उजळ माथ्याने इस्पितळात आणू लागले. साथ ओसरली ती ओसरलीच. पुढच्या साली तापाचा वॉर्ड ओस पडला, तेव्हा बाईंनी तिथे बाळंतिणींच्या खाटा टाकल्या. बाळांच्या रडण्याने सगळी इमारत दणाणून गेली, आणि त्या मधोमध उभ्या राहून मनसोक्त ऐकत राहिल्या.