शब्बाथ सुटेपर्यंत

"आत नको आणूस ते. आई, दारातच ठेव."

माझी सासू, भागीबाई, उंबऱ्यात उभी. हातात ओलं पोतं आणि पोत्यात खेकड्यांची खरखर चाललेली. पेठच्या पुढच्या आमच्या वाडीहून एसटीने नाशिक, तिथून नाशिकरोडची बस आणि एकलहऱ्याच्या फाट्यापासून पायी, असं करत बाई भर उन्हात आली होती. पोटच्या पोराने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, मनोजने, पाण्याचा तांब्या पुढे करायचा, तर आधी हे ऐकवलं. मी आत खेकड्यांसाठीच खोबरं भाजत होते. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

"कारं बाबा?" सासूबाई म्हणाल्या. "जिते हायत. भातातलं हायत, लय भरल्यात."

"आपण खात नाही आता. पाण्यातलं ज्याला पंख नाहीत, खवले नाहीत, ते अशुद्ध. देवाने मोशेला सांगितलंय."

"आपण म्हंजी कोण?"

"येशूचे लोक. येशूने स्वतः सगळं नियमशास्त्र पाळलं. शनिवार पाळला, असलं काही तोंडात घातलं नाही. मग आपण कोण टिकोजीराव लागून गेलो?"

"अहो, येशू काय पेठ तालुक्यात जन्मला होता?" मी आतूनच म्हटलं. "भागीबाईच्या हातचं कालवण त्याला कोणी वाढलं असतं तर कळलं असतं."

सासूबाईंना हसू आलं, ते त्यांनी पदराआड लपवलं. मनोजला नाही आलं. पोतं शेजारी गेलं आणि संध्याकाळभर शेजारच्या खिडकीतून त्या कालवणाचा वास आमच्या वरणभातावर येत राहिला. जेवायला बसायच्या आधी सासूबाईंनी हळूच विचारलं, "माझ्या हातची भाकर तरी चालंल का रं?"

"भाकरी चालते की गं आई," मनोज म्हणाला. खाली मान घालून म्हणाला, पण म्हणाला.

आता नवऱ्याची बाजूही सांगते, नाहीतर म्हणाल बाई एकाच बाजूने बोलते. मनोज एकलहऱ्याच्या वीज केंद्रात ठेकेदाराकडे राखेच्या कामाला. मी गंगापूर रोडच्या एका हॉस्पिटलात आया. लग्नानंतर कितीतरी वर्षं या माणसाने दारूपायी माझा जीव नकोसा केला होता. मी रविवारच्या मंडळीतली, म्हणजे रविवारी चर्चला जाणारी, बापाच्या घरापासून. उपास केले, पाळकांना घरी आणून प्रार्थना केल्या, शिव्या दिल्या, काही उपयोग झाला नाही. मग कामावरच्या एकाने त्याला शनिवारच्या लोकांत नेलं. नाशिकरोडला एका खोलीत जमणारी पाच-सात माणसं. येशूला मानतात, पण म्हणतात की मोशेची तोरा, म्हणजे ते नियमशास्त्र, रद्द झालेलं नाही. शुक्रवारी सूर्य मावळला की शब्बाथ लागतो, शनिवारी मावळला की सुटतो. तेवढ्यात काम नाही, विस्तव नाही, व्यवहार नाही. आणि काय सांगू, त्या नियमांनी माझ्या नवऱ्याची दारू सुटली! साफ सुटली. शनिवारच्या पाळ्या बुडतात म्हणून मुकादम बोलायचा, तर हा रविवारी राबून भरून द्यायचा.

आमचे पाळक म्हणाले, "अहो, ज्या जोखडातून ख्रिस्ताने सोडवलं ते पुन्हा मानेवर कशाला घेता? प्रेषितांनी यरुशलेमेत बसून तेव्हाच ठरवलं होतं, यहूदी नसलेल्यांवर हे ओझं टाकायचं नाही म्हणून."

मनोज शांतपणे म्हणाला, "पाळकबाबा, मोकळा होतो तेव्हा मी गटारात होतो."

पाळकांनी चहा अर्धा ठेवला आणि उठले.

खेकड्यांच्या त्या दिवशी भांडी घासताना मी सासूबाईंना म्हटलं, "तुम्ही तरी सांगा त्यांना. आईचं ऐकतील."

"काय सांगू?" त्या म्हणाल्या. "माझा पोरगा पडायचा, सविते. आता उभा हाय. ज्याला धरून उभा हाय तेच मी हलवू? त्याच्या देवानं सांगितलं खेकडं नको, तर नको. मी बी सोडते."

"तुम्ही कशाला? वाडीत तुम्हाला कोण बघायला येणार आहे?"

"त्यानं सोडलं आन् मी खाल्लं, तर घास उतरंल का?"

ही अशी बाई. सोडणं तिला नवं नव्हतं. मनोज लहान असताना तापाने आटोपत आला होता. तेव्हा कोणी एक प्रार्थना करणारा वाडीत आला, पोरगं वाचलं आणि भागीबाई विश्वासी, म्हणजे येशूची, झाली. डोंगराचे देव सोडले, वाघदेवाचा नवस सोडला, नाच सोडला. नाचात तिच्यासारखा ठेका कुणाचा नव्हता म्हणतात. वाडीने मग तिला लग्नाकार्याला बोलवायचं सोडलं. दरसाल दिंडोरीकडे द्राक्षबागेत कामाला टोळी जायची, त्या ट्रकमध्येसुद्धा बायका तिच्याजवळ बसत नव्हत्या. सासरे, देवराम, वारले तेव्हा खांदा द्यायला फक्त शेजारचे सावळीरामकाका आले, तेही बायकोचा विरोध पत्करून. खड्डा मनोजने खणला. मिसरूड फुटायचं होतं तेव्हा त्याचं. सासूबाई हे फार अभिमानाने सांगायच्या. "माझ्या मनोजनं बापाला मातीआड केलं, दुसऱ्याचा हात लागू दिला नाय. मलाबी तोच घालणार. बास, मला आनखी काय पायजे!" जेवता-बसता सांगायच्या. मी म्हणायचे, "आई, दुसरं काही बोला ना हो." पण त्यांना त्यात भीती नव्हती. सोय लागली आहे असं वाटायचं त्यांना.

एप्रिलात, एका शुक्रवारी दुपारी, सावळीरामकाकांचा फोन आला. "भागी उठत नाय. दवाखान्यातून घरी धाडलीय. लवकर या."

आम्ही पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. हृदय थकलंय, घरी न्या, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. आणखी काही सांगायची गरजही नव्हती. माझी नोकरीच माणसांच्या उशाशी आहे. तो श्वास मी ओळखते.

मनोजने आईचं डोकं मांडीवर घेतलं, पाणी पाजलं, पाय चेपले. सूर्य डोंगराला टेकला तसा तो प्रार्थनेला अंगणात गेला. सासूबाईंनी डोळे उघडले.

"सवे, मावळला का गं?"

"हो आई."

"म्हंजी लागला त्याचा शनवार."

"लागला."

मग म्हणाल्या, "मंग आज नाय. उद्याबी नाय. उद्या गेले तर त्याला कुदळ धरता यायची नाय. मी थांबते. ऐतवारी जाईन."

मी म्हटलं, "आई, असं काही धरून ठेवू नका हो. झोपा तुम्ही."

"झोपले तर जाईन," त्या म्हणाल्या. "मला झोपू देऊ नको."

आणि ती बाई खरोखर थांबायला बघत होती! डोळे मिटायला लागले की माझा हात दाबायची. मी पाणी लावायचे, हाक मारायचे. किती जणांना मी "सोडा आता, शांत व्हा" म्हणून निरोप दिलाय, आणि इथे सासूला जागं ठेवत होते. मनोज दुसऱ्या बाजूला बसून स्तोत्रं म्हणत होता. आई कशाशी झगडतेय ते त्याला माहीत नव्हतं. सांगू नको, असं तिने मला डोळ्यांनीच बजावलं होतं. तांबडं फुटायच्या सुमाराला तिचा हात दाबायचा राहिला. मी हाक मारली. आणखी एकदा मारली.

शनिवार होता.

सकाळी सगळी वाडी अंगणात. ज्या वाडीने तिला लग्नांतून वगळलं होतं, त्या वाडीतली एकही चूल पेटली नव्हती. मढं उठेपर्यंत चूल पेटवायची नाही, ही त्यांची जुनी रीत. ती तिच्यासाठीही पाळली होती त्यांनी. सावळीरामकाकांची बायको नवसाबाई, जी कधी आमच्या घरचं पाणी प्यायली नाही, ती पदर तोंडाला लावून रडत होती. लहान पोरं उपाशी, एकमेकांना चिमटे काढत बसलेली. ऊन चढत होतं.

काका मनोजला म्हणाले, "चल बाबा. बांधावर देवरामशेजारीच ना? जमीन कडक झाली आसंल, लवकर लागू."

मनोज म्हणाला, "काका, संध्याकाळी. सूर्य मावळला की मी खणतो. एकटा खणतो. आज शब्बाथ आहे."

"मावळल्यावर? आरं, उन्हाळा हाय. बाईचे हाल करतो का?"

मी त्याला घरामागे ओढत नेलं. त्या दिवशी पहिल्यांदा मी नवऱ्याला अरे-तुरे केलं.

"शनिवारी बैल खड्ड्यात पडला तर काढता येतो, असं तुझा येशूच म्हणाला ना? मग आईला खड्ड्यात ठेवता येत नाही?"

"बैल जिवंत असतो, सविता. मेलेल्यांना घाई नसते. येशू गेला तेव्हा त्याच्या मागून आलेल्या बायासुद्धा सुगंधी तेलं घेऊन थांबल्या. शब्बाथ पाळला त्यांनी."

"त्याला आधी कबरेत ठेवलं होतं! ठेवून मग थांबल्या त्या!"

तो भिंतीला टेकला. पूर्वी दारू चढली की टेकायचा तसा. "मी हे एक मोडलं ना," तो म्हणाला, "तर मग सगळंच मोडेन. मला माहितेय मी कसा आहे."

त्याची कीव आली मला. पण आत ती बाई पडली होती, आणि माझ्या जिभेला त्या दिवशी लगाम राहिला नाही. मी सांगून टाकलं. ती रात्रभर का जागी होती, झोपू देऊ नको का म्हणाली, ऐतवारची वाट का बघत होती, सगळं.

मनोज भिंतीशी खाली बसला. मला वाटलं, आता उठेल, कुदळ घेईल. मी हात पुढे केला.

त्याने वर बघितलं. "मग आता मी कुदळ उचलली," तो म्हणाला, "तर ती रात्रभर कशासाठी झगडली?"

नंतर मी आमच्या पाळकांना हे विचारलं, ते म्हणाले, कृपा नियमापेक्षा मोठी आहे. असेल. पण त्या भिंतीशी बसलेल्या माणसाला हे कसं सांगायचं ते त्यांनी सांगितलं नाही.

मी अंगणात आले आणि काकांना म्हटलं, "खणा. मी येते." त्यांनी कुदळ घेतली, वाडीची माणसं लागली, मीही पाट्या भरून माती उपसली. जमीन लोखंडासारखी झाली होती. पेठहून पाळक येऊन प्रार्थना करून गेले. भागीबाईला आम्ही तिच्या माणसाशेजारी ठेवलं, वाडीच्या प्रत्येकाने मूठ मूठ माती टाकली, नवसाबाईनेसुद्धा. कोल्हे उकरतात म्हणून वर दगड रचले. मनोज घरामागे होता, पाठमोरा, दोन्ही हातांत डोकं धरून. बांधावरचा कुदळीचा आवाज तिथवर पोचतो. तो सगळा त्याने ऐकला असणार.

आम्ही हातपाय धुऊन परतलो आणि मग वाडीत धूर दिसायला लागला.

सूर्य मावळला. मनोज उठला, सावळीरामकाकांच्या अंगणातून कुदळ उचलली आणि बांधाकडे चालू लागला. मी मागे, माझ्यामागे काका. कबरीपाशी पोचून त्याने ती रचलेली जागा बघितली. सगळं नीट झालेलं होतं, कुठे फट नव्हती. कुदळ खांद्यावर घेऊन तो तसाच उभा राहिला.

"काका," तो म्हणाला, "काही राहिलंय का?"

सावळीरामकाका खाली बसले, वरचा एक दगड उचलला आणि त्याच्या हातात दिला.

"एवढा राहिला बघ. उशाशी ठेव."

मनोजने कुदळ टाकली. दगड दोन्ही हातांनी धरून तो वाकला आणि थांबला. इकडच्या टोकाला बघितलं, तिकडच्या टोकाला बघितलं. मग माझ्याकडे वळला.

"सविता," त्याने विचारलं, "आईचं डोकं कुठल्या बाजूला आहे?"