अवघड बोलण्याचा सराव

“मान खाली घालून काय बोलतेस? माझ्याकडे बघ,” मी म्हणाले.

धाकट्या जावेनं मान वर केली, हातातला कागद पाठीमागे लपवला आणि पुन्हा सुरुवात केली. “तुम्ही आपल्या दुकानासाठी खूप केलंत. तुमचं काम आम्ही कधीच विसरणार नाही. पण...” आणि तिला हसू फुटलं.

“हसतेस काय? माणसाच्या पोटावर पाय देताना हसतात का?”

“अहो ताई, तुम्ही डोळे वटारून बसलाय, मग हसू नाही का येणार?”

रविवारची दुपार होती, जेवणं उरकली होती आणि आम्ही दोघी ओट्यापाशी तिचा गृहपाठ करत होतो. लहान उद्योग चालवणाऱ्यांसाठी व्यवस्थापनाचं प्रशिक्षण निघालं होतं. धाकटी आठवड्यातून दोनदा पर्स लटकवून तिकडे जायची आणि नवनवे शब्द घेऊन परत यायची. त्या आठवड्याचा धडा होता ‘अवघड संभाषण’. म्हणजे कामावरच्या माणसाला काढून कसं टाकायचं. आधी कौतुक, मग मुद्दा, शेवटी शुभेच्छा. आपण याला केसानं गळा कापणं म्हणतो. तिथे त्याला पायऱ्या होत्या.

सरावाला कोणीतरी कामगार व्हायला हवं होतं. दीर म्हणाले, “तुम्हा जावांच्या नाटकात मला ओढू नका,” आणि चपला घालून बाहेर पडले. तेव्हा मला ते नेहमीसारखंच वाटलं. मग कामगार मी झाले.

आणि झाले ती अगदी जीव ओतून. “हे बघ, आधी चहा देऊ नकोस,” मी तिला सांगितलं. “चहा दिला की माणसाला वाटतं, सगळं ठीक आहे. आणि ‘बघू, पुढे कधीतरी’ असलं गुळमुळीत बोलायचं नाही. तारीख सांगायची. माणसाला टांगून ठेवू नये.”

“आणि मलाच रडू आलं तर?”

“तू रडायचं नाहीस. रडायचा हक्क ज्याचं काम जातं त्याचा.”

ती लिहून घेत होती. मला तर चेवच चढला. मी हातातला डाव ओट्यावर आपटला, छाती बडवली आणि ओरडले, “माझ्या जिवावर उभं राहिलंय हे दुकान! मी गेले की आठ दिवसांत टाळं लागेल!” हसून हसून दोघींच्या पोटात दुखायला लागलं.

“आणखी काय काय म्हणेल हो असं माणूस?”

“म्हणेल, डोळ्यांच्या वाती केल्या तुझ्यासाठी. म्हणेल, तुला सुईत दोरा ओवायला कोणी शिकवलं?”

“यावर काय बोलायचं?”

“म्हणायचं, ते खरंच आहे. वाद घालायचा नाही. खरं आहे म्हटलं की भांडणारा गप्प बसतो.”

हेही मीच सांगितलं. दुसऱ्या कोणी नाही.

आमचं दुकान पडदे शिवण्याचं. खाली दुकान, वर घर. हे गेले तेव्हा माझ्याकडे दोनच गोष्टी होत्या, पायाचं मशीन आणि तोंड. शेजारपाजारचे पडदे शिवता शिवता खालची खोली भरली, मग मुली कामाला ठेवल्या, मग बाहेर पाटी लागली. धाकटी लग्न होऊन आली तेव्हा तिला धड शिवण उसवता येत नव्हती. तिला बसवून शिकवलं. नोंदणीची वेळ आली तेव्हा कचेऱ्यांतल्या लोकांशी कोण डोकं फोडणार म्हणून दुकान तिच्या नावावर केलं. “तुझं-माझं वेगळं आहे का काही?” हेही तोंड वर करून मीच म्हणाले होते.

माझं तोंड तिखट आहे, ते कबूल. एक बाई अंधाऱ्या खोलीसाठी गडद मखमल मागायला आली होती. तिला विचारलं, “खिडकीला पडदा हवाय की खोली पुरायचीय?” बाई तशीच उठून गेली. धाकटी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. चुण्या मी अजून हातानं घालते, त्याला वेळ लागतो. हल्ली एखादा टाका तिरका जातो, तेही मला ठाऊक आहे. पण ते मी म्हणायचं. दुसऱ्यानं नाही.

त्या गृहपाठाच्या आदल्याच आठवड्यात तिचे सर दुकान बघायला आले होते. गळ्यात ओळखपत्र, पायात कुरकुरणारे बूट. मशीनं, कापडाचे तागे, कापायचं टेबल, सगळं बघत बघत ते माझ्यापाशी येऊन थांबले.

“या कोण?”

“या आमच्या ताई,” धाकटी म्हणाली.

“नातं नको, पद सांगा.”

सर तिला समजावून सांगायला लागले, “ताई हे पद नसतं, मॅडम. ज्याला पद नाही, त्याचं काम मोजायचं कसं?” आणि हे माझ्या डोक्यावरून, जशी मी तिथे ठेवलेली खुर्ची.

माझं डोकं फिरलं. “तुमच्या घरी आई कुठल्या पदावर आहेत हो?” मी विचारलं.

शिवणाऱ्या मुली फिसकन हसल्या. सरसुद्धा शिकवल्यासारखे हसले. धाकटी तेवढी हसली नाही. मला वाटलं, काय जिंकले मी! मूर्ख बाई.

सराव झाल्यावर चार-पाच दिवसांनी दुपारी तिनं मला हाक मारली. “ताई, जरा टेबलापाशी येता?”

माझ्या हातात अर्धवट चुण्या घातलेला पडदा होता. तो तसाच मांडीवर घेऊन मी समोर बसले. चहाची वेळ होऊन गेली होती आणि चहा आला नव्हता. तेवढ्यावरून मला कळायला हवं होतं.

“तुम्ही आपल्या दुकानासाठी खूप केलंत,” ती म्हणाली. “तुमचं काम आम्ही कधीच विसरणार नाही.”

मला वाटलं, हिची परीक्षा जवळ आलेली दिसते. मी हळूच म्हटलं, “अगं, मुलींसमोर नको. वर गेल्यावर घेऊ परत.”

“ताई, हा सराव नाही.”

मान वर. डोळे कोरडे. आवाज स्वच्छ. “तुमच्या हातानं आता काम वेळेत होत नाही. गिऱ्हाईक दुखावतं. एक तारखेपासून तुम्ही खाली येऊ नका.” मला टांगून ठेवलं नाही, तारीख सांगितली. “आता आराम करा, तब्येतीला जपा.” त्या झाल्या शुभेच्छा. एकही पायरी चुकली नाही तिची.

तळपायाची आग मस्तकात गेली. मी तोंड उघडलं. पण बोलणार काय? माझ्या जिवावर उभं राहिलंय, हे म्हणून झालं होतं. छाती बडवून, खो खो हसत. आठ दिवसांत टाळं लागेल, तेही. डोळ्यांच्या वाती, तेही. जन्मभरात एकदाच कामाला यायचा होता तो सगळा राग मी रविवारी ओट्यापाशी करमणुकीत उडवून बसले होते. माझ्याच घरात, माझ्याच हातानं. आणि ही बया ते सगळं लिहून घेत होती! तेव्हा हिला ठाऊक होतं का? हसताना ठाऊक होतं का?

तरीही जीभ वळलीच. “तुला सुईत दोरा ओवायला कोणी शिकवलं गं?”

“तुम्हीच,” ती म्हणाली. “ते खरंच आहे.”

आणि मी गप्प बसले. सांगितल्याप्रमाणे.

मागे एकाही मशीनचा आवाज नव्हता. मी पडद्यात सुई टोचली, तो तिच्या टेबलावर ठेवला आणि जिना चढून वर आले.

दीर वर मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसले होते. “तुम्हाला ठाऊक होतं?” मी विचारलं.

“वहिनी, दुकानातलं दुकानात, घरातलं घरात,” मान वर न करता ते म्हणाले. भित्रा माणूस! तरी बरं, ह्याला शाळेत मी सोडायला जायचे.

संध्याकाळी धाकटी वर आली. हातपाय धुतले, रोजच्यासारखी ओट्यापाशी आली आणि रोजच्याच आवाजात म्हणाली, “ताई, भाजी चिरायला घेऊ का?” खाली मालकीण, जिना चढला की जाऊ. मधे फक्त पायऱ्या.

ती भाजी चिरायला बसली, मी तिच्या समोर बसले. चहा टाकला नाही.

“तुझ्या हाताला चव आहे,” मी म्हणाले. “या घरात आल्यापासून तू मला कधी शिळं वाढलं नाहीस. ते मी विसरणार नाही.”

तिचा सुरीचा हात थांबला. तिनं ओळखलं.

“पण एक तारखेपासून माझी चूल वेगळी. मी मागच्या खोलीत राहीन. तुम्ही दोघं सुखानं जेवा.”

“ताई, असं काय करता? दुकानाची गोष्ट वेगळी. हे घर आहे आपलं. तुम्ही माझ्या...”

“नातं नको. पद सांग.”

तिनं सुरी खाली ठेवली. मान खाली गेली.

“मान खाली घालू नकोस,” मी म्हणाले. “माझ्याकडे बघ.”

तिनं बघितलं. डोळे काठोकाठ भरले होते, पण थेंब खाली येऊ दिला नाही. रडायचा हक्क ज्याचं काम जातं त्याचा. शिकवलेलं तिनं सगळं पाळलं.

हक्क माझा होता. मी तो तिच्यासमोर बजावणार नव्हते. उठून मागच्या खोलीत गेले, माळ्यावरचा जुना स्टोव्ह खाली काढला आणि फडक्यानं पुसत बसले. त्यावर एकच भांडं बसायचं. मला पुरणार होता.