माईकपुढची जागा

"ढोलवाले बाहेर, व्हरांड्यात. ट्रम्पेट दाराशी, पडद्याकडे तोंड करून. सॅक्सोफोन कपाटाजवळ. आणि काका, तुम्ही इकडे या, माईकच्या अगदी पुढ्यात."

दाजींनी मागे वळून पाहिलं. आपल्यामागे दुसरे कोणी काका उभे असतील तर फार बरं, असा त्यांचा चेहरा होता. मागे भिंत होती, आणि भिंतीला आवाज शोषून घ्यायला ठोकलेली एक जुनी गादी.

"मी मागेच बरा आहे," ते हातातलं क्लॅरिनेट छातीशी धरून म्हणाले. "सवय आहे मला."

"रस्त्यावर असेल. इथे उलटं असतं," रेडिओवाली गळ्यात हेडफोन अडकवत म्हणाली. "एकच माईक धड आहे आमच्याकडे. जो हळू वाजवतो तो जवळ, जो जोरात वाजवतो तो लांब. नाहीतर रेडिओवर नुसता ढोल जातो आणि लोक फोन करून विचारतात, कुठे काही पडलं का म्हणून."

सगळे हसले. "व्हा दाजी, पुढे व्हा!" मास्तर दारातून ओरडला. मास्तर हल्ली साधं बोलतानाही ओरडायचा. "आज तुमचा मान!"

दाजी रखडत पुढे आले.

मास्तर, म्हणजे बॅन्डचा मालक आणि पहिला ट्रम्पेटवाला, हा दाजींच्या बायकोचा धाकटा भाऊ. तो दाजी म्हणायचा म्हणून सगळा बॅन्ड दाजी म्हणायचा, आणि बॅन्ड म्हणायचा म्हणून इस्त्रीवाल्यापासून औषधांच्या दुकानदारापर्यंत सगळं गाव त्यांचं सासर होऊन बसलं होतं. नोकरी पाणीपुरवठ्यात, घरोघर जाऊन मीटर वाचायची. त्या कामात माणसाकडे कोणी बघत नाही. दार उघडणारा मीटरकडे बोट दाखवतो आणि आत निघून जातो. पण सुट्टीच्या दिवशी पितळी बटणांचा लाल कोट अंगात चढला की दाजी मिरवणुकीतून चालायचे आणि लोक गॅलरीत येऊन खाली बघायचे. निवृत्त झाल्यावर नोकरीची आठवण त्यांना एकदाही आली नाही. कोट मात्र दर आठवड्याला कपाटातून काढून झटकायचे.

आणि दोनेक वर्षांपूर्वी वरचे दात गेले.

क्लॅरिनेट नुसत्या ओठांवर वाजत नाही. वरचे दात त्याच्यावर घट्ट टेकवावे लागतात. कवळी आली खरी, पण ती टेकवून फुंकलं की जागची हलायची, आणि वाद्य असं किंचाळायचं की शेजारीण खिडकी लावून घ्यायची. दाजी महिनाभर झगडले. मग एका मिरवणुकीत त्यांनी फुंकलंच नाही. गाल फुगवले, बोटं चालवली, भुवया उडवल्या. दोन ट्रम्पेट आणि चार ढोलांच्या गदारोळात कोणाला पत्ता लागला नाही. सॅक्सोफोनवाल्याला तर स्वतःशिवाय कोणी ऐकूच येत नसे. पुढच्या मिरवणुकीत तेच केलं, त्याच्या पुढच्याही. भुवया थोड्या जास्त उडू लागल्या, इतकंच. बॅन्डमधून आपल्याला काढतील ही एकच धास्ती होती त्यांना. कोट गेला की आपण पुन्हा मीटरवाले, आणि आता तर तेही नाही.

त्यात हा रेडिओ उपटला. गावातलाच, गावातल्या लोकांनी चालवलेला, नदीवरच्या पुलापर्यंत ऐकू येणारा. रविवारी सकाळी 'आपल्या गल्लीतले कलाकार' लागायचं. मागे एक टपालवाला येऊन सुरेख शीळ घालून गेला होता, मग एक चांभार, फावल्या वेळात बाहुल्या नाचवणारा. मास्तरने रेडिओवालीच्या मागे लागून बॅन्डचा नंबर लावून घेतला होता. दाजींनी आदल्या दिवसापासून नाक ओढायला सुरुवात केली. बायको म्हणाली, "किती दिवस सर्दी होणार आहे तुम्हाला? एकदाचं सांगून टाका त्याला." बायकोला सगळं ठाऊक होतं. भावाला सांगू नको म्हणून दाजींनी तिला शपथ घातली होती.

रेडिओवालीने रेकॉर्डिंग चालू केलं, हात वर केला, खाली आणला. धून सुरू झाली. ही मंद चालीची धून मास्तरच्या वडिलांनी, आबांनी बसवलेली, बॅन्डही त्यांचाच. दाजींनी गाल फुगवले. माईक नाकासमोर इतका जवळ होता की भुवया कोणासाठी उडवायच्या तेच कळेना.

थोड्या वेळाने तिने हेडफोन उतरवला. "थांबा थांबा. वायर सैल आहे वाटतं. पाच मिनिटं द्या मला. काका, तुम्ही जरा या माझ्याबरोबर, धरायला कोणीतरी हवंय."

वायर धरायला म्हणून गेलेल्या दाजींना तिने बाहेरच्या बोळात, पाण्याच्या पिंपापाशी उभं केलं.

"काका, तुमची बोटं बरोबर चालतायत. चाव्यांची टकटक माझ्या कानात येते, एक जागा चुकत नाही. पण वाजत काहीच नाहीये."

दाजींनी पिंपाची तोटी घट्ट पिळली. आपलं बिंग कधीतरी भर रस्त्यात फुटेल असं त्यांना वाटायचं. ते इतक्या हलक्या आवाजात फुटेल असं वाटलं नव्हतं.

"मास्तरला सांगू नका," ते म्हणाले.

"मी कशाला सांगू? मला क्लॅरिनेट हवंय, बस."

मग त्यांनी सांगितलं. दातांचं, कवळीचं, आणि जे बायकोशिवाय कोणालाच माहीत नव्हतं तेही. दुपारी घरात ते कवळी काढून ठेवायचे, दोन्ही ओठ आत दुमडून घ्यायचे आणि वाजवायचे. "वाजतं तसं. पण इतकंसं. स्वयंपाकघरापर्यंत जातं, पुढे नाही. रस्त्यावर काय उपयोग त्याचा? बायको म्हणते, आधीपेक्षा गोड वाजतं. तिचं काय, मी आवाज कमी केला की तिला सगळंच गोड लागतं."

"स्वयंपाकघरापर्यंत जातं ना? माईक तर वितीवर आहे."

"कवळी काढावी लागेल."

"मग काढा. रेडिओवर दात दिसत नाहीत."

"त्यांना दिसतील की!"

"ते सगळे तुमच्या मागे असणार. तुमचं तोंड माईककडे. चला, मला माझं दुकान उघडायचंय नंतर."

दाजी जागेवर येऊन उभे राहिले. खोकल्याचं निमित्त करून रुमाल तोंडाशी नेला आणि कवळी त्यात गुंडाळून खिशात घातली. रेडिओवालीचा हात खाली आला. धून सुरू झाली. पहिला सूर कापरा निघाला. दुसरा स्थिरावला. ओठांना तो ओळखीचा कंप लागला आणि दाजींनी डोळे मिटले. जोर लावायची गरजच नव्हती. आयुष्यभर ढोलांच्या वर पोहोचायला ते जीव तोडून फुंकत आले होते. आज नुसतं सांगितल्यासारखं वाजवायचं होतं. खालच्या पट्टीतला तो जाड, मऊ आवाज खोलीत पसरला. दाजींना खूप आनंद झाला. मागे काय चाललंय याचा त्यांना विसर पडला, त्यामुळे ट्रम्पेट थांबल्याचं त्यांना सगळ्यात शेवटी कळलं.

"काय झालं मास्तर?" रेडिओवालीने विचारलं. "तुमची जागा गेली की!"

मास्तर दाराशी ट्रम्पेट खाली घेऊन उभा होता. "काही नाही," तो म्हणाला. "परत घ्या." त्या दिवशी पहिल्यांदाच तो ओरडला नव्हता.

दुसऱ्या खेपेला सगळं नीट झालं.

ढोल टेम्पोत चढत होते. दाजींनी तोवर पाठमोरं होऊन कवळी बसवली होती. मास्तर येऊन शेजारी उभा राहिला.

"कधीपासून, दाजी?"

सर्दीची सबब जिभेवर आली होती. "दात गेल्यापासून," दाजी म्हणाले.

मास्तर मटकन पायरीवर बसला. "मला तुमचं क्लॅरिनेट ऐकू येईना. शेजारी चालताय, बोटं चालतायत, आणि मला ऐकू येत नाही. मी कानाच्या डॉक्टरकडे गेलो. तो म्हणाला, कान चांगले आहेत. मी म्हटलं, याला काय कळतंय. दुसऱ्याकडे गेलो. त्याचंही तेच. मी भांडलो त्याच्याशी, दाजी! म्हटलं, हाताच्या अंतरावरचं क्लॅरिनेट मला ऐकू येत नाही आणि तुम्ही चांगले म्हणता?"

दाजींना हसू फुटणार होतं. मास्तरच्या चेहऱ्याकडे बघून ते आतल्या आत विरलं.

"बहिऱ्या माणसाने बॅन्ड चालवू नये," मास्तर म्हणाला. "पुढच्या महिन्यात सॅक्सोफोनवाल्याच्या हवाली करणार होतो. आबांचा बॅन्ड. ताईलासुद्धा बोललो नाही. एवढे दिवस सगळ्यांशी ओरडून बोलतोय मी, तुम्हाला काहीच वाटलं नाही?"

"वाटलं, तापट झालास."

"तापट!"

"मी माझी जागा धरून बसलो होतो रे. तुझी जातेय हे माहीत नव्हतं मला."

"माहीत असतं तर सांगितलं असतंत?"

दाजींना पटकन हो म्हणायचं होतं. म्हणवेना. "बहुतेक नसतं सांगितलं," ते म्हणाले, आणि त्यांना स्वतःची फार लाज वाटली.

टेम्पोवाल्याने हॉर्न दिला. मास्तर उठला, पॅन्ट झटकली. "रस्त्यावर आता नका येऊ, दाजी," तो दुसरीकडे बघत म्हणाला. "हे मास्तर म्हणून सांगतोय. मेहुणा म्हणून माझ्याच्याने सांगवणार नाही."

"बरोबर आहे," दाजी म्हणाले.

रविवारी मास्तर सकाळीच घरी आला. दाजींनी कोट स्वतः इस्त्री करून, बटणं घासून पिशवीत घालून ठेवला होता. मास्तर मागायला लाजेल म्हणून त्यांनी तो दारातच त्याच्या हातात दिला. "बाह्या लांब आहेत," ते म्हणाले. "नवीन येईल त्याला बघून घे." मास्तरने पिशवी घेतली, आणि ती कुठे ठेवावी हे न कळून मांडीवर घेऊन बसला.

"तोंडं काय पाडून बसलात?" बायको चहा ठेवत म्हणाली. "दोघंही एका माळेचे मणी. एक वाजवतोय असं दाखवतो, दुसरा ऐकू येतंय असं दाखवतो. आणि मी मधल्यामध्ये शपथ घेऊन बसलेय!"

"गप ताई, लागलं," मास्तर म्हणाला.

कार्यक्रम लागला. रेडिओवालीने बॅन्डची माहिती सांगितली, आबांचं नाव घेतलं, आणि धून सुरू झाली. ट्रम्पेट मागे, लांबच्या खोलीत असल्यासारखं. पुढे क्लॅरिनेट. बायको पदराने हात पुसत उभीच राहिली. दाजींना आपला आवाज परक्या माणसाचा वाटला, चांगल्या परक्या माणसाचा.

मास्तरने हात लांब केला आणि रेडिओचं बटण मागे फिरवलं.

"अरे, कमी काय करतोस?" बायको म्हणाली.

"थांब जरा." तो सरळ बसला होता, डोळे मिटून. "येतंय." त्याने बटण आणखी मागे फिरवलं. "येतंय अजून." बाहेर कोणीतरी सायकल लावली. बायकोने खिडकी ओढून घेतली. मास्तरचा हात बटणावरच होता. त्याने ते पुन्हा, अगदी केसभर मागे नेलं. त्याचा चेहरा हळूहळू सैल होत गेला, आणि मिटलेल्या डोळ्यांतून पाणी आलं ते त्याने पुसलंही नाही.

"दाजी," तो म्हणाला, "येतंय ना अजून?"

दुसऱ्यांदा बटण फिरलं तेव्हापासून दाजींना काहीच ऐकू येत नव्हतं.

"येतंय की," ते म्हणाले. "स्पष्ट येतंय."