अकरा घरांचे फोटो

“दे इकडे,” म्हणत ग्रामसेवक अर्जुनरावांनी धम्मशीलाचा फोन टेबलावरून उचलला. तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा होता. लाळेने ओल्या झालेल्या अंगठ्याने ते एक सोडून बाकीचे सगळे फोटो फोनमधून पुसत गेले.

डोणगावपासून आत असलेल्या त्या गावात धम्मशीला आठ वर्षं ग्रामपंचायतीचा संगणक चालवत होती. काल तिने सरकारी योजनेतल्या अकरा घरांच्या शौचालयांचे फोटो संकेतस्थळावर चढवण्यासाठी काढले होते. कागदावर अकराही पूर्ण होती. उभी होती दोनच, त्यातलं एक गुलाबरावांचं. भिमाबाईच्या घरामागे नुसते चार पत्रे, आत जळणासाठी कापसाची वाळकी पऱ्हाटी भरलेली.

“गुलाबरावच्या संडासचा फोटो हाय ना? त्योच साऱ्यायच्या नावावर चढव.”

“अन् लोकायनं विचारलं त?”

“कोन विचारते वं? भिमाबाई? तिले वाचता तरी येते काय?”

फोन परत मिळाल्यावर तिने तो ओढणीने तीनदा पुसला. खर्ऱ्याचा वास गेला नाही.

फोटो मात्र गेले नव्हते. कार्यालयातला संगणक व्हायरसने सारखा बंद पडे, म्हणून तिनेच त्यात विंडोजऐवजी लिनक्स टाकलं होतं. फुकट मिळणारं, सगळ्यांसाठी खुलं. फोन कार्यालयाच्या वायफायला लागला की त्यातले फोटो आपोआप संगणकात उतरत. फोनमधून पुसले तरी तिथे राहत. एकदा लोकांच्या दाखल्यांचे फोटो गेले, तेव्हापासून तिने तशी सोय लावली होती. अर्जुनरावांना हे ठाऊक नव्हतं.

घरी जेवायला बसल्यावर तिने सगळं सांगितलं. नवरा प्रेमानंद म्हणाला, “नोकरी कराराची हाय. चढव अन् मोकळी हो.”

“मले किळस येऊन राह्यली हो,” ती एवढंच म्हणाली आणि ताट सरकवलं.

ग्रामसभेच्या दिवशी तिने संगणक शाळेच्या टीव्हीला जोडला आणि अकराही फोटो नावानिशी दाखवले. अर्जुनराव हसले.

“हे फुकटातलं सॉफ्टवेअर हाय. त्यात काईबी दिसते. खोटे हायेत फोटो.”

मागून भिमाबाई उठली. “खोटे कसे, साहेब? थे पऱ्हाटी म्या सोता रचली. बाजूले माही बकरी उभी हाय, पाहा ना.”

कोणीतरी फिस्सकन हसलं. मग सगळेच हसले. सरपंच म्हणाले, “चला, चहा आला.” ज्यांच्या घरी काहीच बांधलेलं नव्हतं, तेही उठून चहा प्यायला गेले. धम्मशीला त्यांच्याकडे बघत राहिली. अर्जुनरावांपेक्षाही तिला त्या कपांची शिसारी आली.

तिने फोटोंसह तक्रार दिली. चौकशी लागली, ती अजून चालूच आहे. अर्जुनरावांची दुसऱ्या तालुक्यात बदली झाली. धम्मशीलाचा करार वाढवला नाही. नव्या ऑपरेटरने पहिल्याच दिवशी संगणक कोरा करून घेतला.

तिला डोणगावात दूध संकलन केंद्रावर नोंदी करायचं काम मिळालं. त्यासाठी पहाटे पाचला स्कूटीवर निघावं लागे. पहिल्या दिवशी नाल्याच्या वळणावर गाडीचा उजेड पडला, तशा रस्त्याकडेला डबे घेऊन बसलेल्या बाया तोंडावर पदर ओढून धडपडत उभ्या राहिल्या. भिमाबाईला उठता येईना. तिने एका हाताने गुडघा धरला होता.

दुसऱ्या दिवसापासून धम्मशीला वळणाच्या आधीच गाडी बंद करते, आणि अंधारात, मान खाली घालून, स्कूटी हाताने ढकलत पुढे नेते.